तेहतीस त्रिक नव्व्याण्णव, मग एक पैसा कुणाचा?

आजचा भाग गणिताचा आहे असं म्हटल्यावर निम्मे जण लगेच पुढचा भाग लावतील, मला माहीत आहे. पण थांबा. आज सूत्रं नाहीत, सिद्धता नाहीत. एक वाटणीचा कागद आहे, एक जुनी पायली आहे आणि माझी आजी आहे.

मी माकणीचा. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका, तेरणेच्या काठचं गाव. निम्न तेरणा धरण तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल, ते आमच्याकडचंच. आजोबा गेले आणि जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला. जमीन सव्वासहा एकर. वारस तीन: आजी, बाबा आणि आत्या. भांडण नव्हतं, तिघांचा वाटा सारखा हे ठरलेलं. ओळखीतल्या एकाने कच्चा कागद करून आणला. त्यावर लिहिलं होतं: आजी ३३ पैसे, आत्या ३३ पैसे, बाबा ३४ पैसे. म्हणजे अख्खी जमीन एक रुपया धरायची आणि वाटे पैशांत मांडायचे.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आजी ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तेहतीस त्रिक नव्व्याण्णव. एक पैसा बापाकडं का गेला रे?"

मी म्हटलं, "आजी, शंभराला तीननं भाग जात नाही ना. एक पैसा कुठंतरी टाकावाच लागतो."

"शंभराला जात नसंल. सोळा आण्याला जातो की. पाच आणे चार पै."

मी फोन काढला. १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ भागिले ३, बरोबर ६४. आणि ६४ पै म्हणजे पाच आणे चार पै. दशांश नाही, बाकी शून्य. कॅल्क्युलेटरवर मी तीन वेळा करून पाहिलं. आजी दुसरीपर्यंत शिकलेली.

मग मी तो एक पैसा जमिनीत मोजला. सव्वासहा एकर म्हणजे २५० गुंठे. त्याचा एक पैसा म्हणजे अडीच गुंठे. खरा तिसरा हिस्सा ८३ गुंठे आणि वर एक तृतीयांश गुंठा. ३३ पैशांत मिळतात साडेब्याऐंशी गुंठे. म्हणजे आजीचं आणि आत्याचं प्रत्येकी ९०७ चौरस फुटांहून जास्त रान कमी होत होतं, आणि ते कुणी हडपलेलं नव्हतं. ते फक्त 'राउंड ऑफ' झालं होतं. दोन खोल्यांचं घर बसेल एवढी जागा, कागदावर पूर्णांक आकडे छान दिसावेत म्हणून!

त्या दिवसापासून मला हा प्रश्न सुटेना: हिशोबाची पद्धत बदलते तेव्हा उरलेली बाकी कुणाच्या वाट्याला जाते? आजचा भाग त्याबद्दल आहे.

पहिल्यांदा, सोळाच आणे का?

आमच्या जुन्या घराच्या ढिगाऱ्यातून १९९३ च्या भूकंपानंतर निघालेली एक पायली अजून घरात आहे. पायली म्हणजे धान्य मोजायचं माप. तिच्या खालची मापं ऐका. दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे एक शेर. दोन शेर म्हणजे एक अडशिरी. दोन अडशिऱ्या म्हणजे एक पायली. सगळीकडे दोन, दोन, दोन. पायलीत निळवी किती? ६४.

आता खिशातला फोन आठवा. १६ जीबी, ३२, ६४, १२८, २५६. तीच साखळी. फोनमध्ये ती येते कारण यंत्राला 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच गोष्टी कळतात. खळ्यावर ती आली कारण माणसाला काहीही मोजता आलं नाही तरी एक गोष्ट नक्की जमते: समोरच्या ढिगाचे दोन सारखे भाग करणं. तराजू नको, वजनं नकोत, लिहिता-वाचता यायला नको. भाग सारखे झाले की नाही हे दोघांना डोळ्यांनी दिसतं. दहा भाग करायला सांगा बघू कुणाला, नुसत्या नजरेनं!

रुपयाचंही तसंच. ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाचे पैसे ६४. आणि हे इंग्रजांनी शिकवलं असं समजू नका. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. तिच्या सुरुवातीला चलनाचं कोष्टक आहे: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. चार आणि सोळा तिथेही आहेतच.

पण नुसत्या दोन-दोनच्या साखळीला एक अडचण आहे. तिला तीनने भाग जात नाही. ६४ चे तीन सारखे वाटे होत नाहीत. म्हणून आण्याच्या पोटात आणखी एक घर केलं: १२ पै. त्यामुळे रुपयाच्या झाल्या १९२ पै, म्हणजे ६४ गुणिले ३. आजीचं 'पाच आणे चार पै' तिथून येतं. तिघा वारसांची सोय त्या बारामध्ये आहे.

हाच विचार जगभर दिसतो. प्राचीन बाबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मोजणीचा पाया ६० होता. ६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० ने भाग जातो. वाटायला एवढा सोपा छोटा आकडा दुसरा नाही. आपल्या तासाची ६० मिनिटं तिथलीच. आणि आपल्याकडच्या दिवसाच्या घटका किती? ६०. एक घटका २४ मिनिटांची.

इजिप्तमध्ये इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा एक पपायरस आहे, आहमेस नावाच्या लेखनिकाने उतरवलेला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातली सुरुवातीची गणितं भाकरी वाटण्याची आहेत. समजा ६ भाकरी दहा जणांत वाटायच्या. आपण म्हणू ०.६ आणि मोकळे होऊ. पण ०.६ भाकरी कापायची कशी? इजिप्तचं उत्तर असं: प्रत्येकाला अर्धी भाकरी, आणि वर एक दशांश. म्हणजे पाच भाकरींचे अर्धे अर्धे करा, दहा अर्ध्या झाल्या. सहावीचे दहा तुकडे करा. प्रत्येकाच्या ताटात एक अर्धी आणि एक तुकडा. सगळ्यांची ताटं सारखी दिसतात, कुणाला शंका घ्यायला जागा नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसालाही हेच कळत होतं: वाटणी बरोबर असणं पुरेसं नाही, ती बरोबर आहे हे समोरच्याला दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, औट म्हणजे किती?

आजी शाळेत फार गेली नाही, पण तिचे भाऊ गेले. संध्याकाळी दिवेलागणीला ते परवचा म्हणायचे आणि ती चुलीपाशी बसून ऐकायची. साध्या पाढ्यांनंतर यायचे अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, पाउणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा. आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा.

हा साडेतीन आपल्याकडे सगळीकडे भेटतो. साडेतीन मुहूर्त. साडेतीन शक्तिपीठं, ज्यातलं तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात. 'औट घटकेचं राज्य' म्हणजे साडेतीन घटकांचं, हिशोब केला तर ८४ मिनिटांचं. आणि संतांच्या बोलण्यात माणसाचा देह औट हाताचा असतो. हे आत्ताच करून बघा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात मोजा, साडेतीनने गुणा. तुमची उंची साधारण तेवढीच भरेल.

पण 'औट' हा शब्द आला कुठून? संस्कृतात 'अर्धचतुर्थ', म्हणजे अर्धा चौथा. तीन पूर्ण झाले, चौथा अर्धाच झालाय. प्राकृतातून घासत घासत त्याचं झालं औट. तसंच अडीच हे 'अर्धतृतीय' वरून, अर्धा तिसरा.

आता उडी थेट युरोपात. तुमच्यापैकी बरेच जण जर्मन शिकत असतील. जर्मन माणसाने तुम्हाला 'हाल्ब फिअर' वाजता बोलावलं, तर शब्दशः ते होतं 'अर्धा चार'. नवखा मराठी माणूस साडेचारला पोचतो, आणि तो चिडलेला असतो, कारण त्याने साडेतीनला बोलावलं होतं. चौथा तास अर्धा झालाय, म्हणजे साडेतीन. म्हणजे औट! डेन्मार्कमध्ये तर याहून गंमत. डॅनिश भाषेत ७० ला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'अर्धा चौथा वेळा वीस'. साडेतीन गुणिले वीस, सत्तर. आणि ५० म्हणजे 'अर्धा तिसरा वेळा वीस', अडीच विसा. डॅनिश पोरं आजही रोज औटकी बोलतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं. आपल्यालाही नव्हतं.

मराठीत दुसरी एक सवय आहे, कमी करून मोजायची. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. पाऊण म्हणजे पाव उणे. नायजेरियातल्या योरूबा भाषेत ही सवय फार पुढे गेली आहे. तिथे ४५ म्हणायचं तर ६० मधून १० वजा, त्यातून आणखी ५ वजा, असा शब्द बनतो. ऐकायला अवघड वाटतं ना? तिथल्या पोरांना आपलं 'एकोणसाठ' तसंच वाटेल.

इथे २०१९ चा वाद आठवतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक' असं वाचन आलं आणि राज्यभर चेष्टा सुरू झाली. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपण २१ लिहिताना आधी दोन लिहितो आणि म्हणताना आधी एक म्हणतो, त्यात त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरं, यात लहान मुलं अडखळतात आणि गणिताला घाबरतात. जुने शब्द काढलेले नव्हते, शेजारी एक सोपा रस्ता दिला होता.

मला हा वाद तेव्हाही विचित्र वाटला, कारण आमच्या भागात 'वीस एक' रोज कानावर पडतं. उमरग्याच्या पुढे कर्नाटक. कन्नडमध्ये २१ म्हणजे 'इप्पत्तोंदु': इप्पत्तु वीस, ओंदु एक. आठवडी बाजारात एकाच भाजीच्या पाटीपुढे एकजण 'एकवीस' म्हणतो आणि दुसरा 'वीस एक', आणि पैसे तेवढेच द्यावे लागतात! आणि नॉर्वेने तर १९५१ मध्ये अधिकृतपणे 'एक आणि वीस' सोडून 'वीस एक' स्वीकारलं. कारण? टेलिफोन. नंबर सांगताना आकडे उलटसुलट होत होते. तरीही तिथे आजही घराघरात जुनं रूप ऐकू येतं. म्हणजे शब्द बदलले तर भाषा मरत नाही, आणि नियम काढला तर जुने शब्दही मरत नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हे पाढे लोक का पाठ करायचे? हौस म्हणून नाही.

पूर्वी बियाण्याला किंवा खायला धान्य कमी पडलं की सावकाराकडून धान्यच उचलायचं, आणि सुगीला फेडायचं. फेडीचे दोन प्रकार: सवाई आणि दिडी. सवाई म्हणजे घेतलं त्याच्या सव्वापट परत. दिडी म्हणजे दीडपट. कळलं का सवायकी आणि दिडकी कशासाठी होती? ते कर्जाचे पाढे होते.

हिशोब बघा. सहा पायल्या ज्वारी दिडीने उचलली. सुगीला नऊ द्यायच्या. त्या वर्षी पाऊस नाही झाला, फिटल्या नाहीत. पुढच्या वर्षी नवाचे साडेतेरा. तेही नाही जमलं, तर साडेतेराचे सव्वावीस. तीन सुगीत सहाचे सव्वावीस. ज्याला दिडकी येत होती त्याला हा डोंगर आधी दिसायचा. ज्याला येत नव्हती त्याला सावकाराची वही खरी मानावी लागायची.

त्यात मापाचीही खेळी. पायली काठापर्यंत सपाट भरली तर एक भरते, आणि वर टोकदार रास चढवली तर जास्त. त्या वरच्या राशीला म्हणतात शीग. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' म्हणतो ना आपण, तीच ही शीग. देताना सपाट आणि घेताना शीग लावून, एवढं केलं तरी पायलीमागे मूठ-दोन मुठी धान्य जातं, आणि मोजणी मात्र बरोबर! मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. लाभ कुणाचा, ते ज्याच्या हातात माप त्याला माहीत.

आता विचार करा, अशा माणसांच्या डोक्यावर दहा-बारा वर्षांत एकामागून एक सगळी मापं बदलली तर काय होईल? आमच्या भागात नेमकं तेच झालं.

आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लोक म्हणायचे मोगलाई. निजामाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. शेजारचं सोलापूर, बार्शी इंग्रजांच्या मुलखात, तिथे चालायचा कलदार. दर साधारण असा: सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांचे हाली किती? ११६ रुपये १० आणे ८ पै. बघा, बाकी शून्य करायला परत ती बारा पैच कामी आली. पण रोजच्या व्यवहारात सातास सहाचा त्रैराशिक तोंडी करायचा म्हणजे डोक्याला ताप. बार्शीला तीस कलदारांना काही विकलं तर ते पस्तीस हाली होतात. ज्याला हे येत नव्हतं आणि ज्याने 'रुपयाला रुपया' घेतला, त्याचे पाच रुपये गेले.

वर्षंही वेगळी. निजामाच्या कागदांवर फसली सन असायचा. तुमच्या घरी मराठवाड्यातला जुना कागद असेल आणि त्यावर १३५७ असं साल दिसलं, तर शिवाजी महाराजांच्याही आधीचा आहे म्हणून नाचू नका. त्यात ५९० मिळवा. १९४७ आलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आलं, सोलापूरकडून आमच्या नळदुर्गाच्या वाटेनंही आलं, आणि १७ सप्टेंबरला संस्थान भारतात सामील झालं. त्यानंतर हाली सिक्का गेला, भारतीय रुपया आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे आणे गेले, शंभर नये पैसे आले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर गेला, किलो आला. १९६० मध्ये महाराष्ट्र. माझी आजी या काळात लहानाची मोठी झाली. माणसं तीच, रान तेच, पण प्रत्येक वस्तूचा आकडा बदलला.

आणि प्रत्येक बदलात एक बाकी उरली. आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठे आहे? सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६ पैसे धरले, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. म्हणजे एका आण्याची वस्तू घेताना सहा दिले तर दुकानदाराचा पाव पैसा जातो, आणि त्याने सात मागितले तर गिऱ्हाईकाचा पाऊण पैसा. एकावेळी काहीच नाही. वर्षभर रोजची चहापत्ती, काडेपेटी, मीठ धरा, मग बघा. शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. किलोला शेराचाच भाव लावला तर विकणाऱ्याचं नुकसान, शेराच्या पैशात पाऊण किलो दिलं तर घेणाऱ्याचं.

आता मी जुनं ते सोनं असं म्हणतोय का? अजिबात नाही. पायली गावोगाव वेगळी होती. या गावची पायली आणि त्या गावची पायली सारखी नव्हती, आणि व्यापाऱ्याला दोन्ही माहीत असायच्या, शेतकऱ्याला एकच. किलो सगळीकडे एक. शंभर पैशांचा रुपया नव्याने शिकणाऱ्या पोराला सोपा. हा मोठा न्याय होता. गंमत म्हणजे आपण हे इंग्रजांच्या आधी केलं. त्यांचा पौंड २४० पेन्सचा होता, आणि तो शंभराचा झाला १९७१ मध्ये, आपल्यानंतर चौदा वर्षांनी.

मला एवढंच म्हणायचंय की कुठलीच पद्धत सगळ्या कामांना पुरत नाही. दोनची साखळी नजरेने वाटायला चांगली. बारा आणि साठ तिघांत, पाचांत वाटायला चांगले. दहा लिहायला आणि यंत्रावर करायला चांगले. ज्या समाजाला जे वाटायचं होतं, त्याने तसे आकडे घडवले. यात कुणी मागासलेलं नाही आणि कुणी पुढारलेलं नाही. पण एका पद्धतीतून दुसरीत जाताना काहीतरी उरतं, आणि ते बहुतेक वेळा ज्याला दोन्ही पद्धती येतात त्याच्याकडे जातं. ज्याला एकच येते, त्याच्याकडून.

आणि हे संपलेलं नाही. दर हंगामाला आपण ऐकतो, 'आणेवारी पन्नास पैशांच्या खाली'. सरकारी शब्द आता पैसेवारी आहे, पण बोलताना आणेवारीच. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. रान मोजताना आपण बोलतो एकर-गुंठ्यात आणि सातबाऱ्यावर असतं हेक्टर-आर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर त्याहून किंचित लहान. बरेच जण दोन्ही एकच धरतात. छोट्या तुकड्यात चालतं, पण दहा-वीस एकरांत तो 'किंचित' गुंठ्यांनी मोजावा लागतो. तुमच्या ॲपवर कर्जाचा 'महिना दीड टक्का' दिसला की तो वर्षाचा किती होतो, हे तुम्ही मोजता का? ती नव्या जमान्याची दिडकी आहे, आणि सावकाराची वही आता खिशात आहे.

तर, आमच्या कागदाचं काय झालं?

बाबा बराच वेळ गप्प होते. त्यांना तो एक पैसा नको होता, पण तो त्यांच्याकडे आलाय हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. आत्याला कळवायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, कारण 'तेहतीस, तेहतीस, चौतीस' कानाला सारखंच वाटतं. मग बाबा म्हणाले, "आई, आणे-पै आता कागदावर चालायचे नाहीत."

आजी म्हणाली, "मग जे चालतंय ते लिव्हा. पर पोरीचं रान कमी पडाया नगं."

मी पेन घेतलं. पैसे खोडले आणि तिघांच्या नावापुढे एकच गोष्ट लिहिली: एक छेद तीन. अपूर्णांक. चौथीच्या पुस्तकातला. ना दशांश, ना टक्के, ना उरलेला पैसा. एक तृतीयांश गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ११ फूट रुंद पट्टा, तो रानात दोरी धरून सरळ मोजता येतो.

आजीला दाखवलं. तिने विचारलं, "हे एक वर, तीन खाली, म्हंजी पाच आणे चार पैच ना?"

मी म्हटलं, "तेच, आजी."

"मग ठीक हाय," म्हणाली, आणि सूप उचललं.

मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरात जे सगळ्यात वयस्कर असतील त्यांना विचारा: पावकी येते का, औटकी येते का, तुमच्याकडे पायलीत किती शेर होते? उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि घरात वाटणीचा, भिशीचा, कर्जाचा कुठलाही कागद असेल, तर त्यातले आकडे एकदा बेरीज करून बघा. शंभर भरतात का? भरत असतील तर ते कसे भरवलेत, तेही बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.